साठ हजारांची पुडी आणि जनुकांची साक्ष

२०२१ सालचा एप्रिल महिना वाचक विसरले नसतील. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने घरोघरी धडकी भरवली होती. त्या दिवसांत आमच्या शेजारची एक माउली औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी होती. नवरा बिगारी कामावर जाणारा, पण काम बंद. घरात म्हातारी सासू आणि दोन मुले. हातात उरलेल्या पैशांत तूरडाळ घ्यावी की डी जीवनसत्त्वाच्या पुड्या घ्याव्यात, हा तिच्यापुढचा पेच होता. तिने पुड्या घेतल्या. "ज्यांच्या रक्तात डी कमी, तेच दगावतात, असं फोनवर आलंय. लेकरांसाठी काहीतरी करायला नको का?" असे ती आम्हांस म्हणाली. त्या आठवड्यात त्या घरी पातळ कालवणावर भागले.

तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमच्याही घरात त्या काळी तशाच पुड्या आणल्या गेल्या होत्या. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्याला एक, दुधातून. दूध नसेल तर पाण्यातून. शिकलेसवरलेले लोकही तेच करीत होते. मात्र संकट ओसरल्यावर एक प्रश्न आमच्या मनातून जाईना. त्या पुडीने खरोखरच कोणाचा संसर्ग टळला काय? आणि टळला की नाही, हे शोधून काढायचे तरी कसे? या प्रश्नाचे उत्तर शास्त्रज्ञांनी एका अनोख्या मार्गाने शोधले. माणसाच्या जन्माच्याही आधी निसर्गाने टाकलेल्या चिठ्ठ्या त्यांनी उघडून पाहिल्या. तीच हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कमी आढळले म्हणजे कारण सापडले काय?

कोरोनाच्या पहिल्याच वर्षी अनेक देशांतील रुग्णालयांतून एकसारखी माहिती येऊ लागली. दाखल झालेल्या, त्यातही अत्यवस्थ झालेल्या रुग्णांच्या रक्तात डी जीवनसत्त्व कमी आढळत होते. ही माहिती खोटी नव्हती. प्रश्न होता तो तिचा अर्थ लावण्याचा.

ज्या दिवशी रस्त्यावर छत्र्या जास्त दिसतात, त्या दिवशी चिखलही जास्त असतो. म्हणून छत्र्यांमुळे चिखल होतो असे कोणी म्हणत नाही. दोहोंच्या मागे पाऊस असतो. रोग आणि जीवनसत्त्व यांचेही असेच आहे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तीन शक्यता असतात. पहिली, जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे रोग झाला. दुसरी, रोग झाल्यामुळे जीवनसत्त्व कमी झाले. अंगात ताप आणि दाह असताना रक्तातील काही जीवनसत्त्वांचे प्रमाण खाली येते, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. तिसरी शक्यता अशी की, या दोहोंच्या मागे तिसरेच काही असते.

डी जीवनसत्त्व आपल्या कातडीत उन्हाच्या मदतीने तयार होते. मग ते कमी कोणाकडे असणार? जो म्हातारा अंथरुणाला खिळला आहे, ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याचे वजन फार वाढले आहे, जी बाई अंधाऱ्या खोलीत दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेली असते, त्यांच्याकडे. आणि कोरोना कोणावर जास्त तुटून पडला? वृद्धांवर, मधुमेही माणसांवर, दाटीवाटीने राहणाऱ्यांवर. म्हणजे पुन्हा तीच माणसे. डी कमी असणे हे त्यांच्या हालाखीची नुसती खूणही असू शकते.

अशी फसगत पूर्वीही झाली आहे. गाजरात आणि हिरव्या भाज्यांत असणारे बीटा कॅरोटीन ज्यांच्या आहारात जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे दिसून आले होते. म्हणून फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना घेऊन त्याच्या गोळ्यांची परीक्षा झाली. १९९४ मध्ये निकाल आला. गोळ्या घेणाऱ्यांत कर्करोग घटला तर नाहीच, उलट १८ टक्क्यांनी अधिक आढळला. भाजी खाणारा माणूस वेगळा आणि भाजीतले एक द्रव्य गोळीतून गिळणारा माणूस वेगळा, हा धडा जगाला तेव्हा मिळाला.

दोष कातडीत की परिस्थितीत?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला आणखी एक धार होती. २०२० मध्ये तेथे कृष्णवर्णीय आणि भारत, पाकिस्तान, बांगलादेश येथून गेलेल्या कुटुंबांत कोरोनाचे मृत्यू गोऱ्या लोकांच्या मानाने जास्त होऊ लागले. काळ्यासावळ्या कातडीला डी तयार करण्यास अधिक ऊन लागते आणि इंग्लंडात ऊन कमी. तेव्हा, हे लोक डी कमी असल्यामुळे मरतात, असा तर्क पुढे आला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. बस चालविणारे, रुग्णालयात रुग्णांची सेवा करणारे, दुकानात गल्ल्यावर बसणारे लोक याच समाजांतून मोठ्या संख्येने आलेले होते. घरे लहान, एका घरात तीन पिढ्या. टाळेबंदीतही कामावर जाणे त्यांना चुकत नव्हते. मृत्यूचे कारण जर पुडीने भरून निघणारी उणीव असेल, तर पुडी वाटली की सरकारची जबाबदारी संपली. कारण जर घर, काम आणि दारिद्र्य असेल, तर मात्र जबाबदारी तेथे संपत नाही. म्हणून कारण कोणते, हा केवळ प्रयोगशाळेतला प्रश्न नसतो. त्याच्या उत्तरावर गरिबाच्या न्यायाचा प्रश्न अवलंबून असतो.

ग्लासगोच्या संशोधकांनी त्याच वर्षी इंग्लंडमधील लाखो लोकांच्या जुन्या रक्ततपासण्यांशी कोरोनाची नोंद ताडून पाहिली. वय, वजन, गरिबी, आजार यांचा हिशेब धरल्यावर डी आणि संसर्ग यांतील संबंध उरला नाही. वर्णभेदानुसार दिसणारा फरकही डीमुळे उलगडला नाही. पण टीकाकार म्हणू शकत होते की, तपासण्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या होत्या आणि हिशेबात काही तरी निसटले असेल. म्हणून यापेक्षा भक्कम साक्षीदार हवा होता.

निसर्गाने टाकलेली चिठ्ठी

औषधाची खरी परीक्षा चिठ्ठ्या टाकून होते. हजार माणसे घ्यायची. कोणाला औषध आणि कोणाला नुसती गोळी, हे चिठ्ठीने ठरवायचे. चिठ्ठी गरीब-श्रीमंत, म्हातारा-तरुण पाहत नाही, म्हणून दोन्ही गट सारखे होतात. पुढे फरक पडला तर तो औषधाचाच. मात्र अशा परीक्षेला पैसा लागतो, वर्षे लागतात. साथ दारात उभी असताना तेवढी सवड नसते.

येथे निसर्ग मदतीला येतो. विदर्भातील आपल्या अनेक घरांना सिकलसेलची माहिती आहे. आई वाहक, वडीलही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी जणू नवी चिठ्ठी पडते. आईच्या दोन जनुकांपैकी एक बाळाला मिळतो, वडिलांच्या दोनांपैकी एक मिळतो. चारात एक शक्यता बाळ निरोगी असण्याची, चारात दोन वाहक असण्याची आणि चारात एक सिकलसेलग्रस्त असण्याची. थोरल्याला मिळाले म्हणून धाकट्याला चुकले, असे नाही. आईने काय खाल्ले, बापाची कमाई किती, हे ती चिठ्ठी विचारीत नाही. म्हणूनच त्यात आईबापांचा दोषही नसतो.

या सिकलसेलच्याच जनुकाने संसर्गाविषयीचा एक मोठा प्रश्न सोडविला आहे. सिकलसेलच्या वाहकाला मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. केनियातील किलिफी येथे संशोधकांना प्रश्न पडला होता की, मलेरिया झालेल्या मुलांना रक्तातील जिवाणूंचा संसर्ग मलेरियामुळे होतो, की दोन्ही आजार गरिबीमुळे एकत्र येतात? त्यांनी सिकलसेल वाहक मुलांकडे पाहिले. त्या मुलांना मलेरिया कमी होई आणि जिवाणूंचा संसर्गही कमी होई. पुढे त्या भागातून मलेरिया हटू लागला, तसे वाहक मुलांचे हे जादा संरक्षणही ओसरले. याचा अर्थ, मलेरियाच जिवाणूंना वाट करून देत होता. २०११ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मलेरिया हटविला की दुसराही संसर्ग हटतो, हे त्यातून पक्के झाले.

वाटाण्याच्या बागेपासून

या पद्धतीला ग्रेगर मेंडेल याचे नाव दिले गेले आहे. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातील मठाच्या बागेत त्याने वाटाण्याची रोपे लावून आनुवंशिकतेचे नियम शोधले आणि १८६६ मध्ये ते छापले. त्याच्या हयातीत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. १९८६ मध्ये हॉलंडच्या मार्टिन कटान यांनी एक पत्र प्रसिद्ध केले. कोलेस्टेरॉल कमी असल्यामुळे कर्करोग होतो की कर्करोगामुळे कोलेस्टेरॉल कमी होते, असा तेव्हा वाद होता. ज्यांचे कोलेस्टेरॉल जन्मापासून जनुकामुळेच कमी आहे, त्यांच्यात कर्करोग जास्त आहे काय ते पाहा, असे कटान यांनी सुचविले. २००३ मध्ये इंग्लंडमधील जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी या कल्पनेची रीतसर मांडणी केली. तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली.

डी जीवनसत्त्वाला ती लावायची तर त्याचा शरीरातील प्रवास पाहावा लागतो. त्या वाटेवर चार ठाणी आहेत. पहिले कातडीत, जेथे त्याचा कच्चा माल असतो. दुसरे यकृतात, जेथे त्याला रक्तात टिकणारे रूप मिळते. तिसरे रक्तात, जेथे एक प्रथिन त्याला वाहून नेते. चौथे ठाणे ते मोडून विल्हेवाट लावण्याचे. प्रत्येक ठाण्यावर जनुकाचा पहारा आहे. काही माणसांत जन्मतःच पहारा असा असतो की डी थोडे जास्त साठते, काहींत थोडे कमी. हा फरक त्यांनी उन्हात किती वेळ घालविला, अंडी किती खाल्ली, त्यांची नोकरी काय, यांवर अवलंबून नसतो. आजारी पडल्यामुळेही जनुक बदलत नाही. म्हणजे छत्री, चिखल आणि पाऊस यांचा गोंधळ येथे बराचसा टळतो.

आता प्रश्न सोपा होतो. डी जर खरोखर कोरोनापासून वाचवीत असेल, तर ज्यांना जन्मतः जास्त डीची चिठ्ठी मिळाली, त्यांना कोरोना कमी झाला पाहिजे.

जनुकांनी दिलेले उत्तर

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच तपासले. डीचे प्रमाण ठरविणारी जनुके कोणती, हे त्यांनी सुमारे ४ लाख ४३ हजार लोकांच्या माहितीवरून घेतले. त्यांतील बहुतेक लोक इंग्लंडच्या यूके बायोबँक या प्रकल्पातील होते. या प्रकल्पात सुमारे ५ लाख नागरिकांनी आपले रक्त आणि आरोग्याची माहिती स्वेच्छेने दिली आहे. मग ११ देशांतून जमविलेल्या, दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर ती जनुके पडताळली. कोरोना झालेले आणि न झालेले, रुग्णालयात गेलेले आणि अत्यवस्थ झालेले, सगळे हिशेबात घेतले.

जून २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. जन्मतः जास्त डीची चिठ्ठी मिळालेल्यांना संसर्ग कमी झाला, असा पुरावा सापडला नाही. त्यांचा आजार सौम्य राहिला, असाही पुरावा मिळाला नाही.

ही पद्धत नेहमी नकारघंटाच वाजविते, असे कोणी समजू नये. मॅकगिलच्याच संशोधकांनी २०१५ मध्ये हीच पद्धत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराला लावली होती. तेथे उत्तर होकारार्थी आले. जन्मतः ज्यांचे डी कमी, त्यांना तो आजार होण्याचा धोका स्पष्टपणे जास्त होता. म्हणजे साक्षीदार तोच, एका खटल्यात तो होय म्हणतो, दुसऱ्यात नाही म्हणतो. म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

साक्षीदाराची उलटतपासणी

साक्षीदार कितीही चांगला असला तरी त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. या पद्धतीच्या मर्यादा आम्ही झाकून ठेवणार नाही.

जनुकाने होणारा फरक लहान असतो. साठ हजारांच्या पुडीने रक्तात जी उडी येते, तेवढी जनुकाने येत नाही. एकच जनुक दोन कामे करीत असेल, तर निष्कर्ष चुकू शकतो. ज्यांच्या रक्तात डी अगदी तळाला गेले आहे, अशांबद्दल ही पद्धत फारसे बोलू शकत नाही, कारण ती सरासरी सांगते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तपासलेले लोक प्रामुख्याने युरोपीय वंशाचे होते. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही अनेकांच्या रक्तात डी कमी आढळते. मग युरोपातील उत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू पडेल काय? ज्यांची माहितीच गोळा केली जात नाही, त्यांच्याविषयी शास्त्रही मुके राहते. मोठमोठ्या जनुकसंग्रहांत आशिया-आफ्रिकेतील माणसे तुरळक आहेत, ही उणीव शास्त्रज्ञ स्वतःच मान्य करतात.

म्हणून जनुकांच्या साक्षीनंतर प्रत्यक्ष परीक्षेचीही वाट पाहणे भाग होते.

चिठ्ठ्या टाकून झालेली परीक्षा

ती परीक्षाही झाली. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने ६,२०० लोकांना चिठ्ठीने विभागले. निम्म्यांना रक्त तपासून, डी कमी असल्यास सहा महिने रोज डी दिले, उरलेल्यांना दिले नाही. नॉर्वेमध्ये सुमारे ३४ हजार लोकांना हिवाळाभर रोज एक चमचा कॉड माशाच्या यकृताचे तेल किंवा दुसरे साधे तेल दिले गेले. दोन्ही निकाल सप्टेंबर २०२२ मध्ये आले. कोरोना कोणत्याच गटात कमी झाला नाही. जनुकांनी वर्षभर आधी जे सांगितले होते, तेच प्रत्यक्षात उतरले.

सर्दी, खोकला, न्यूमोनिया अशा श्वसनमार्गाच्या संसर्गांबाबत काय? २०१७ मध्ये २५ परीक्षांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा डीने थोडे संरक्षण मिळते असे दिसले होते. पुढे मोठमोठ्या परीक्षांची भर पडली. २०२५ मध्ये ६४ हजारांहून अधिक लोकांचा हिशेब पुन्हा मांडला गेला, तेव्हा ठाम म्हणता येईल असा फायदा उरला नाही.

आणि क्षयरोग? आपल्या वस्त्यांच्या दृष्टीने हाच खरा प्रश्न. टीबीवर प्रभावी औषध नव्हते, त्या काळात सूर्यप्रकाश आणि कॉडचे तेल हाच रुग्णांचा आधार होता. कातडीच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार करणारे डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून डीने क्षय टळेल ही आशा फार जुनी आहे. ती मंगोलियाच्या उलानबातर शहरात तपासली गेली. तेथील थंडी कडक आणि ऊन अपुरे. परीक्षेत ८,८५१ शाळकरी मुले होती आणि त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात डी कमी होते. म्हणजे युरोपातील धडधाकट माणसांवर नव्हे, खरोखर उणीव असलेल्या मुलांवरच ही परीक्षा झाली. निम्म्या मुलांना तीन वर्षे दर आठवड्याला १४ हजार युनिट डी दिले. २०२० मध्ये निकाल आला. डी मिळालेल्या मुलांत क्षयाचा संसर्ग ३.६ टक्के आणि न मिळालेल्यांत ३.३ टक्के. रक्तातील डी वाढले, पण क्षयाने त्याला जुमानले नाही.

मग सर्व जीवनसत्त्वे कुचकामी काय?

असा अर्थ मुळीच काढू नये. अ जीवनसत्त्वाची कहाणी याच्या उलट आहे. डॉ. आल्फ्रेड सॉमर यांनी इंडोनेशियातील आचे प्रांतात चिठ्ठ्या टाकून गावे विभागली आणि मुलांना अ जीवनसत्त्वाचे डोस दिले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. पुढे सर्वच ठिकाणी एवढा मोठा फायदा दिसला नाही, हेही खरे. तरीही गोवर झालेल्या मुलाला अ जीवनसत्त्व देणे ही आज जगमान्य गोष्ट आहे. म्हणून आपल्या अंगणवाडीत नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत मुलांना मिळणारा अ जीवनसत्त्वाचा डोस कोणत्याही मातेने चुकवू नये.

डी जीवनसत्त्वही हाडांसाठी आवश्यक आहे. त्याच्या अभावी मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडे दुखतात. डॉक्टरांनी तपासून दिले तर ते घ्यावे. फक्त संसर्ग टाळणारे कवच म्हणून त्याच्याकडे पाहू नये. आठवड्याची पुडी रोज घेतल्यास रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, अतितहान आणि मूत्रपिंडाची हानी होते, हेही ध्यानात असू द्यावे.

झारखंडच्या शिध्याने काय केले?

मग क्षयापासून घर वाचवायचे कसे? याचे उत्तर परदेशात शोधण्याची गरज नाही. ते आपल्या देशातील झारखंडमधून आले. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने तेथील चार जिल्ह्यांत २०१९ मध्ये एक परीक्षा सुरू झाली. क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे तिच्यात होती. सर्व रुग्णांना तांदूळ, डाळ, दूधपावडर, तेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दरमहा मिळाल्या. मात्र घरातल्या बाकीच्या माणसांसाठी चिठ्ठी पडली. काही भागांत माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्म पोषके मिळाली, काही भागांत मिळाली नाहीत.

२०२३ मध्ये निकाल जगापुढे आला. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाचा, दुसऱ्याला लागण करणारा क्षय ४८ टक्क्यांनी घटला. रुग्णांतही ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यू बरेच कमी झाले.

वाचकहो, ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहा. मंगोलियात तीन वर्षे दिलेले एकटे जीवनसत्त्व क्षयापुढे हरले. झारखंडमध्ये डाळ-तांदळाच्या शिध्याने, सोबत थोड्या सूक्ष्म पोषकांनी, क्षयाला मागे रेटले. भुकेलेल्या शरीराची उणीव एका द्रव्याची नसते. ती सगळ्या ताटाची असते. ताट रिकामे ठेवून त्यातील एकच कण पुडीत बांधून दिला, तर शरीर फसत नाही.

घरच्या कारभारणीसाठी

यावरून आम्हांस सुचते ते असे. पहिली गोष्ट, औषधाच्या दुकानात जाण्याआधी वाण्याच्या दुकानाचा विचार व्हावा. डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी, परवडेल तेव्हा मासळी-मटण. यांत जे जमेल ते सर्वांच्या ताटात पडावे. घरातील बाई सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाते, ही रीत मोडावी. क्षय तिलाही होतो.

दुसरी गोष्ट, घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर पुड्यांवर वेळ न घालविता थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून दरमहा रक्कम मिळते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. ती खात्यात येते की नाही, याची चौकशी आशाताईंकडे करावी. तो कोणाचा उपकार नव्हे, रुग्णाचा हक्क आहे. रेशनचे धान्य पूर्ण मापाने घेणे हाही क्षयाविरुद्धचाच उपाय आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. "अमुक ज्यांच्यात कमी, तेच आजारी पडतात", असे कोणी सांगितले की लगेच विचारावे: कमी असल्यामुळे आजारी पडले, की आजारामुळे कमी झाले, की दोहोंच्या मागे तिसरेच काही आहे? आणि चिठ्ठ्या टाकून कोणी परीक्षा घेतली आहे काय? हे विचारायला पदवी लागत नाही. आठवीतील मुलीलाही हे समजते. तिला हा लेख वाचून दाखवावा आणि छत्रीचे उदाहरण तिच्याकडूनच समजावून घ्यावे.

आमच्या शेजारची ती माउली परवा भेटली. धाकटा आता शाळेत जातो. बोलता बोलता आम्ही तिला झारखंडच्या शिध्याची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी डाळच घ्यायला हवी होती." आम्ही म्हटले, चूक तुमची नव्हती. त्या दिवशी तुम्हांला डाळ आणि औषध यांतून एक निवडावे लागले, चूक तिथेच होती.